परिचारिकांची आंतरराष्ट्रीय कंत्राटी भरती

परदेशातील रुग्णालयाने किंवा वृद्धसेवा केंद्राने, थेट अथवा भरती एजन्सीमार्फत, ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर अन्य देशातील प्रशिक्षित परिचारिकांची नेमणूक करण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २.९८ कोटी परिचर्या कर्मचारी असून दर सातांपैकी एक जण जन्मदेशाबाहेर काम करतो. अर्थात हे सर्वच कंत्राटावर गेलेले नसतात. लहानपणी कुटुंबासह स्थलांतर केलेल्यांचाही या आकड्यात समावेश होतो. मनुष्यबळ पुरवण्यात फिलिपिन्स व भारत आघाडीवर आहेत, तर मागणी मुख्यतः आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका व जर्मनी येथून येते.

नोकरी मिळाली तरी परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. त्यासाठी त्या देशातील परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. अमेरिकेत ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते, आखाती देशांत शैक्षणिक कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होऊन संगणकावर परीक्षा होते, तर जर्मनीत पदवीच्या मान्यतेबरोबर जर्मन भाषेवरील प्रभुत्वही सिद्ध करावे लागते. ब्रिटनमध्ये संगणकीय चाचणीनंतर ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिच्यात उभारलेल्या नकली वॉर्डात उमेदवाराने एकेक टप्पा ठरलेल्या वेळेत पार करायचा असतो. औषधपत्रकातील ॲलर्जीची नोंद न पडताळता गोळी दिली, तर बाकीची कृती बिनचूक असूनही त्या टप्प्यावर नापास होण्याची वेळ येते. अनुभवी परिचारिकांना येथे ज्ञान कमी पडते असे नाही. प्रत्येक तपासणी परीक्षकाला ऐकू जाईल अशी बोलून दाखवण्याची सवय त्यांना नसते. नोंदणी होईपर्यंत बहुधा मदतनीसाच्या दर्जाचे काम व वेतन मिळते. त्यामुळे अतिदक्षता विभाग सांभाळलेल्या परिचारिकेकडे काही महिने रुग्णांना अंघोळ घालणे, भरवणे एवढीच कामे येऊ शकतात.

करारात मुदत, मूळ वेतन, पाळ्या, निवास, विमानभाडे व रजा यांचा उल्लेख असतो. तथापि परिचारिकेच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक कलम असते ते करार मुदतीपूर्वी सोडल्यास करावयाच्या परतफेडीचे. परीक्षा, व्हिसा व प्रवास यांवर केलेला खर्च वसूल करण्याचा मालकाचा दावा काही अंशी समजण्यासारखा असला, तरी प्रत्यक्ष खर्चाशी संबंध नसलेली रक्कम मागितली गेली की ती वसुली न राहता अडवणूक होते. फिलिपिन्समधून आलेल्या परिचारिकांच्या खटल्यात न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये करारातील २५,००० डॉलरपर्यंतचे दंडाचे कलम बेकायदा ठरवले. ब्रिटनच्या भरतीविषयक आचारसंहितेतही परतफेडीची अट पारदर्शक व प्रमाणशीर असावी, असे मार्गदर्शन आहे. व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर अवलंबून असेल, तर नोकरी सोडणे म्हणजे देशात राहण्याचा आधारच गमावणे ठरू शकते. वाईट पाळ्या, थकलेले वेतन वा अपमानास्पद वागणूक निमूट सोसण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार खासगी एजन्सींनी कामगारांकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. मात्र सर्व देशांनी त्यास अनुमोदन दिलेले नाही, आणि ‘प्रशिक्षण’ किंवा ‘कागदपत्रे’ या नावांखाली उकळलेले पैसे परिचारिकेच्या कुटुंबावरील कर्ज होऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये स्वीकारलेली आचारसंहिताही ऐच्छिक आहे. आरोग्यसेवकांची तीव्र टंचाई असलेल्या देशांतून सक्रिय भरती करू नये, असे ती सुचवते. संघटनेच्या २०२३ च्या यादीत असे ५५ देश होते. यादीतील देशाच्या परिचारिकेने स्वतःहून अर्ज करण्यास मात्र त्यामुळे बंदी येत नाही.

करार संपल्यावरची स्थिती देशागणिक बदलते. अमेरिकेत बऱ्याच परिचारिका स्थायी निवासाच्या व्हिसावर येतात; म्हणजे देश त्यांना कायमचा स्वीकारतो, पण एजन्सीचा करार त्यांना काही वर्षे बांधून ठेवतो. आखाती देशांत निवासाचा परवाना सामान्यतः नोकरीशी जोडलेला असल्याने काही जणी वर्षानुवर्षे कराराचे नूतनीकरण करत राहतात, तर अनेक जणी तेथील दोन-तीन वर्षांचा अनुभव दाखवून ब्रिटन वा आयर्लंडमधील भरतीसाठी अर्ज करतात.