घरी बांधलेल्या विमानातलं हायड्रॉलिक्स कमी कमी कसं होत गेलं

चाकं पोटात घेणारी विमानं हायड्रॉलिक्सच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रणेच्या, आधीपासून आहेत. १९२० सालच्या डेटन-राइट आरबी-१ या शर्यतीच्या विमानात वैमानिक हाताने दांडा फिरवून चाकं आत घेत असे. दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रमन वाइल्डकॅट या लढाऊ विमानातही तेच होतं. जमीन सुटली की एका हाताने विमान सांभाळायचं आणि दुसऱ्या हाताने दांड्याचे सुमारे ३० फेरे मारायचे. हे कष्ट तेलाच्या दाबाने वाचवले. १९३५ साली उडालेल्या डीसी-३ या प्रवासी विमानाची चाकं हायड्रॉलिक सिलिंडरनेच वर जात.

मात्र मोठ्या विमानांची ही यंत्रणा वाढत गेली. इंजिनावर पंप, दाब साठवायला अ‍ॅक्युम्युलेटर, दिशा बदलायला सिलेक्टर व्हॉल्व्ह, चाकं वर अडकवून ठेवायला अपलॉक, पंप बंद पडला तर हातपंप. आत गेलेली चाकं झाकणाऱ्या झडपा (दारं) असतील तर आधी झडप उघडावी आणि मगच चाकाचा पाय हलावा, यासाठी सिक्वेन्स व्हॉल्व्ह. यातला एकही भाग उगाच आलेला नाही. पण प्रत्येक भागाबरोबर नळ्यांचे सांधे वाढतात, आणि गळती बहुतेक वेळा सांध्यातूनच होते. कंपनीकडे तपासायला माणसं असतात. शेडमध्ये एकटा विमान बांधणारा प्रत्येक सांधा स्वतःच घट्ट करतो आणि स्वतःच तपासतो.

खरा बदल लहान प्रवासी विमानांतून आला. १९६७च्या पायपर अ‍ॅरोमध्ये मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकाच ठोकळ्यात बसवली होती. मोटर एका दिशेने फिरली की चाकं वर, उलटी फिरली की खाली, त्यामुळे वेगळा सिलेक्टर व्हॉल्व्ह लागत नाही. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अपलॉक काढून टाकण्याची. चाकं वर राहतात ती फक्त तेलाच्या दाबावर. दाब सोडला की ती आपल्या वजनाने खाली येतात. म्हणजे बिघाड झाला तर चाकं बाहेर पडण्याकडेच झुकतात. सेस्ना २१० मध्ये १९७२ साली इंजिनावरचा पंप जाऊन विजेचा पंप आला, आणि १९७९ साली मुख्य चाकांच्या झडपाच काढून टाकल्या. वेग किंचित कमी झाला, पण झडपांचे सिलिंडर, नळ्या आणि क्रम सांभाळण्याची सगळी कटकट त्यांच्याबरोबर गेली.

१९८०च्या दशकात लँकेअर आणि ग्लासेअरसारख्या किट-विमानांनी (सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या विमानांनी) विजेच्या पंपाचीच वाट धरली. काहींनी तेलच टाळलं. स्तेलिओ फ्राती यांच्या फाल्कोमध्ये विजेची मोटर स्क्रूजॅक, म्हणजे चाकं हलवणारा आट्यांचा दांडा, फिरवते. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडमध्ये मुख्य चाकं पक्की, म्हणजे आत न जाणारी, असतात, फक्त नाकाखालचं चाक हाताच्या दांड्याने आत जातं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेत तर सगळी चाकं पक्की. हायड्रॉलिक्स उरतं ते ब्रेकपुरतं. आणि तरीही ही विमानं चांगली वेगवान आहेत!

भाग कमी झाले की उरलेल्यांवर भार वाढतो, हे मात्र विसरून चालत नाही. अपलॉक नसलेल्या यंत्रणेत सिलिंडरच्या ओ-रिंगमधून (तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून) तेल थोडं जरी पाझरलं, तरी दाब उतरतो आणि पंप उड्डाणात मधूनच सुरू होतो. तो वारंवार सुरू होऊ लागला की सील तपासायची वेळ आलेली असते. तेलाचीही गल्लत चालत नाही. विमानांतलं लाल ५६०६ तेल खनिज आहे आणि त्याला नायट्राइल रबराचे सील लागतात. मोटारीच्या ग्लायकॉल ब्रेक ऑइलसाठी ईपीडीएम रबर लागतं. अदलाबदल झाली तर सील फुगतात, मऊ पडतात. नाकाचा पाय मागे दुमडणारा असेल तर तो उघडताना समोरच्या वाऱ्याशी झगडतो. तिथे नुसतं वजन पुरेलच असं नाही, म्हणून स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट त्याला पुढे ढकलतो. पंप बंद ठेवून, विमान जॅकवर उचलून नुसता दाब सोडून पाहिला आणि तिन्ही पाय लॉक झाले, तरी नाकाच्या पायाची परीक्षा अपुरी राहते, कारण शेडमध्ये तो वारा नसतो.