रक्ताच्या रिपोर्टमध्ये स्वमग्नता का दिसत नाही

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं तरी हाकेला ओ देत नाही, म्हणून आईवडील डॉक्टरांना गाठतात. थायरॉइडपासून व्हिटॅमिन डीपर्यंत सगळ्याचा आकडा छापून हातात मिळायची सवय झालेली असते, त्यामुळे 'हे रक्त तपासून कळत नाही का?' हा प्रश्न ओघानेच येतो. आपल्याकडे स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान आजही मुलाचं वागणं बघून आणि पालकांशी बोलून होतं. 'आयएसएए' या भारतीय चाचणीत 40 मुद्द्यांवर गुण देतात, रक्ताचा थेंबही लागत नाही. पण रक्तात, विशेषतः रोगप्रतिकार यंत्रणेत, काही खूण सापडते का याचा शोध पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. त्यात हाती बरंच लागलंय, तरीही तपासणी तयार झालेली नाही.

सुरुवात रुबेलाच्या साथीपासून झाली. 1964-65 मध्ये अमेरिकेत ही साथ आली आणि गरोदरपणी संसर्ग झालेल्या आयांच्या पोटी सुमारे 20,000 बाळं डोळे, कान, हृदय यांत दोष घेऊन जन्मली. न्यूयॉर्कमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशा 243 मुलांचा अभ्यास केला. 1971 मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यांपैकी 18 मुलांमध्ये स्वमग्नतेची पूर्ण किंवा अंशतः लक्षणं आहेत. त्या काळी स्वमग्नतेचं प्रमाण दहा हजारांत चार-पाच समजलं जाई. आईच्या मायेला ओलावा नाही म्हणून मूल असं झालं, असं तेव्हा डॉक्टरसुद्धा बिनदिक्कत म्हणत. चेस यांच्या आकड्यांनी त्या क्रूर समजुतीला मोठा धक्का दिला, म्हणून मला त्यांचं काम फार मोलाचं वाटतं. 2018 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली, तेव्हाही कित्येक पालक बिचकले होते. खरं तर स्वमग्नतेचं एक ठाऊक असलेलं कारण हीच लस टाळते.

1977 मध्ये ओरेगॉनच्या एडवर्ड स्टब्ज यांनी थेट पेशींकडे मोर्चा वळवला. प्रयोग साधा होता. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी नळीत वाढवायच्या आणि त्यांत राजम्यातून काढलेलं एक प्रथिन घालायचं. त्याने पेशी चेतवल्या जातात आणि भराभर विभागू लागतात. 12 स्वमग्न मुलांच्या पेशी मात्र तुलनेसाठी घेतलेल्या 13 जणांपेक्षा मंद निघाल्या. पुढची वीसेक वर्षं असेच छोटे छोटे अभ्यास होत राहिले. एकात जे वाढलेलं दिसे, ते दुसऱ्यात कमी भरे.

त्यात 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा 12 मुलांवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एमएमआर लशीवर स्वमग्नतेबद्दल नाहक संशयाचं सावट पडलं. लेख मागे घ्यायला 2010 उजाडलं.

खरं वळण 2005 चं. जॉन्स हॉपकिन्सच्या डायना वर्गास, कार्लोस पार्दो आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या 11 स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंच्या ऊती तपासल्या. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. एरवी त्या बारीक, फांद्याफांद्यांच्या असतात आणि आजूबाजूला सतत चाचपत राहतात. धोका जाणवला की फांद्या आखडून फुगतात. या मेंदूंमध्ये, विशेषतः लहान मेंदूत, त्या अशा चेतलेल्या दिसल्या. दाह, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचं असं चेतणं, मेंदूतही असू शकतो, हे कळलं. तो आग लावणारा की विझवणारा, हे मात्र मृत ऊतीवरून ठरत नाही.

मग लक्ष गर्भाशयाकडे गेलं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेने गाभण उंदरीला इंटरल्युकिन-6 या दाहकारक रेणूचं एकच इंजेक्शन दिलं, तर पिल्लांचं वागणं बदललं. 2010 मध्ये डेन्मार्कच्या जन्मनोंदींतून दिसलं, की पहिल्या तिमाहीत विषाणूसंसर्गामुळे आईला इस्पितळात दाखल करावं लागलं असेल तर मुलात स्वमग्नतेचं प्रमाण वाढतं. पण गरोदरपणातले सगळे संसर्ग एकत्र धरले तर संबंध दिसला नाही. गरोदरपणात ताप आला होता म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या आयांनी हे दुसरं वाक्य पुन्हा वाचावं.

रक्तातली खूण म्हणून सर्वांत ठोस वाटलेली गोष्ट 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला मिळाली. गर्भाच्या मेंदूतल्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटीबॉडींची एक ठरावीक जोडी स्वमग्न मुलांच्या 61 आयांपैकी 7 जणींच्या रक्तात होती आणि इतर मुलांच्या आयांपैकी एकीच्याही नव्हती. खूण पक्की, पण उरलेल्या 54 जणींचं काय? सायटोकाइनचंही, म्हणजे इंटरल्युकिनसारख्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या निरोप्या रेणूंचंही, तेच. स्वमग्न मुलांच्या गटाची सरासरी जास्त भरते, पण एकेका मुलाचा आकडा घेतला तर तो दोन्ही गटांत बसू शकतो. साधी सर्दी झाली तरी तो हलतो. शिवाय स्वमग्नता या एका नावाखाली वेगवेगळ्या कारणांची मुलं एकत्र मोजली जातात.

पालक एक गोष्ट फार पूर्वीपासून सांगत आले होते: ताप आला की मूल जरा जवळ येतं, बघतं, बोलतं. 2007 मध्ये 30 मुलांच्या अभ्यासात ती अखेर नोंदली गेली. 2019 मध्ये उंदरांवर त्याचा धागा सापडला. पिल्लं आईच्या पोटात असताना इंटरल्युकिन-17ए हा रेणू त्यांच्या मेंदूच्या घडणीत बिघाड करतो, हे 2016 मध्ये दिसलं होतं. तशाच पिल्लांना मोठेपणी दाह झाला, तेव्हा याच रेणूमुळे ती इतर उंदरांजवळ जाऊ लागली. मग रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला दिसला, तर डॉक्टरांनी त्या आईला काय सांगायचं?