क्लच पेडलचा फ्री प्ले

क्लच पेडल दाबायला सुरुवात केल्यापासून रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीच्या) डायफ्रॅम स्प्रिंगला टेकेपर्यंत पेडल जितके सैल सरकते, त्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. केबलच्या क्लचमध्ये तो बहुधा १५ ते २५ मिलिमीटर असतो; नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

क्लच प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या जड चाकाकडे) सरकते आणि स्प्रिंगची टोके उलट बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्लेट झिजली की प्ले वाढत नाही, घटतो. वाढतो तो केबल ताणल्याने किंवा पेडलची बुशे झिजल्याने. प्ले अजिबात उरला नाही, तर बेअरिंग सतत दाबाखाली फिरते आणि क्लच पुरता पकडत नाही: चढावर इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग चढत नाही, जळका वास येतो. अशा वेळी थेट प्लेट बदलायला निघण्याआधी प्ले मोजावा. उलट प्ले जास्त झाला, तर पेडल तळाला टेकूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना, विशेषतः रिव्हर्सला, खरखर होते.

मोजताना इंजिन बंद ठेवून मॅट काढावी, पेडलशेजारी पट्टी उभी धरावी आणि पेडल हाताने दाबावे. सुरुवातीचा हलका विरोध पायाला कळत नाही. विरोध वाढतो तिथवरचे अंतर म्हणजे प्ले.

केबलचे समायोजन सहसा गिअरबॉक्सवरच्या रिलीज लिव्हरपाशी असते. लॉक नट सैल करून, केबलला पीळ बसू नये म्हणून तिचे टोक धरून, ॲडजस्टिंग नट फिरवावा. घट्ट केल्यास प्ले कमी होतो, सैल केल्यास वाढतो. लिव्हरवरचा थोडा फरक पेडलपाशी कितीतरी मोठा दिसतो, म्हणून एकावेळी अर्धा फेराच पुरे. मग पेडल काही वेळा दाबून पुन्हा मोजावे आणि लॉक नट आवळावा. आटे संपूनही प्ले मिळत नसेल, तर प्लेट बदलण्याची वेळ आली आहे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये, प्लेटची झीज स्लेव्ह सिलिंडर (रिलीज बेअरिंगकडचा सिलिंडर) आपोआप भरून काढतो. तिथे पेडलचा प्ले म्हणजे मुख्यतः पुशरॉड (पेडलला जोडलेला दांडा) आणि पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांमधली थोडीशी फट. ती बुजवली, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलचा दाब अडकून राहतो आणि क्लच घसरू लागतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. पुशरॉड फिरवून ती निघत नाही, ब्लीडिंगच, म्हणजे ऑइलबरोबर हवा बाहेर काढणेच, करावे लागते. काही गाड्यांत केबल स्वतःच जुळवून घेते आणि बेअरिंग स्प्रिंगला कायम टेकलेले असते, त्यामुळे तिथे वरचे आकडे लागू पडत नाहीत.