एसटीने पदभ्रमण : सोलापूर परिसर

स्वतःची किंवा भाड्याची गाडी न नेता बसने एखाद्या फाट्यावर उतरायचे, तिथून शिवार, माळ किंवा नदीकाठ धरून चालायचे आणि पुढे जो बसरस्ता लागेल तिथून परतायचे, अशी भ्रमंती. युरोपात ती चांगलीच रुजलेली आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नकाशावर नोंद करण्याची व्यवस्था झाली. स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पाट्यांच्या वाटा पिवळ्या पोस्टबसच्या थांब्यांपाशी येऊन मिळतात. महाराष्ट्रात पदभ्रमण म्हटले की सह्याद्रीतले गडच डोळ्यांसमोर येतात. सोलापूर जिल्ह्यात तसे डोंगर नाहीत. भीमा, सीना, माण या नद्यांच्या खोऱ्यांतले हे उघडे पठार आहे आणि बसने जाणाऱ्याला ते सोयीचेच पडते. गडावर चढलेला माणूस बहुधा आल्या वाटेने उतरतो. इथे बार्शी रस्त्याला उतरून तुळजापूर रस्त्याला निघता येते. मागे गाडी ठेवलेली नसल्यामुळे उलटे फिरायची सक्ती नसते.

या भ्रमंतीचा खरा नकाशा म्हणजे आगाराचे वेळापत्रक. राज्य परिवहनची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे धावली. आज सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, अकलूज, करमाळा, कुर्डुवाडी आणि अक्कलकोट या आगारांच्या गाड्या जिल्ह्यात फिरतात. मात्र खेड्यांच्या फेऱ्या खेड्यातल्या माणसासाठी आखलेल्या असतात. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुले, दूधवाले, दवाखान्याला निघालेले लोक घेऊन शहराकडे येते. संध्याकाळी तीच माणसे घेऊन परतते. शहरातून चालायला निघालेला माणूस या प्रवाहाच्या उलट जातो. सकाळी गावाकडे जाणारी गाडी रिकामी मिळते, पण परतीच्या गाडीचा भरवसा दुपारनंतर कमी होत जातो. शाळेच्या वेळेवर बेतलेल्या फेऱ्या रविवारी आणि सुट्टीत पुष्कळदा नसतात, आणि नोकरदार चालायला निघतो तो नेमका रविवारीच. त्यामुळे आत आडवळणाच्या गावी उतरून चालत मुख्य रस्त्याला लागावे. उलटे करू नये. पुणे, विजापूर, हैदराबाद, तुळजापूर आणि बार्शी या रस्त्यांवर गाड्यांची ये-जा रात्रीपर्यंत असते. लांब पल्ल्याची गाडी फाट्यावर थांबेल का, हे चढतानाच कंडक्टरला विचारावे. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही महामंडळाची जुनी योजना आहे. साधी गाडी हात केल्यावर बऱ्याचदा थांबते, निमआराम किंवा शिवशाही थांबेलच असे नाही.

खर्च अर्थातच किरकोळ. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. सलग भटकणाऱ्याला तो परवडतो, एका दिवसाच्या चालीसाठी त्याची गरज नाही.

सोलापूर भागात पाट्या लावलेल्या पायवाटा नाहीत, पण वाटा भरपूर आहेत. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. अशा वाटा सर्वांच्या वहिवाटीच्या. बांधावरून जाण्याचा प्रश्न वेगळा: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार शेजारच्या बांधावरून वाट देऊ शकतो, पण ती शेतकऱ्याला आपल्या शेतात पोचण्यासाठी, हौशी पादचाऱ्यासाठी नव्हे. म्हणून पाणंद सोडून रानात शिरण्यापूर्वी वस्तीवर विचारणे बरे. नकार क्वचितच मिळतो. कोण, कुठले, पायीच का, या चौकशा मात्र होतात आणि त्यातूनच ओढा कुठे ओलांडायचा, कुठल्या वस्तीवरची कुत्री वाईट, हे कळते. मेंढपाळांच्या वाड्याला, म्हणजे रानात बसवलेल्या मेंढ्यांच्या कळपाला, लांबूनच वळसा घालावा. तिथली कुत्री राखणीची असतात, भुंकण्यावर थांबत नाहीत.

जमीन कोणती आहे, यावर चालीचा वेग ठरतो. मुरमाड माळावर पाऊस उघडताच चालता येते. काळ्या रानात एक जोरदार सर पडली की बुटाला चिकटलेला चिखल प्रत्येक पावलागणिक वाढत जातो आणि अर्ध्या कोसाला तास लागतो. गावकरी अशा वेळी चपला हातात घेतात, तेच शहाणपणाचे. दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत वाळून कुसळे पायमोज्यांत आणि पँटमध्ये रुतून बसतात. मार्चनंतर ऊन चढते, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि सावली अशी नसतेच. चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी: ज्वारी उभी असते, पहाटे गारवा असतो आणि शेवटी शेवटी हुरड्याचा हंगाम सापडतो. मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यातील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या शिवारातून थंडीत चालण्याइतके सुख या जिल्ह्यात दुसरे नाही. याच दिवसांत उसाची वाहतूक सुरू असते. कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि धुरळा असतो, तेव्हा ते रस्ते टाळावेत.

सोलापुरात पायी जाण्याची सवय मुळात भाविकांची आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना जातात. ही लिंगे सोलापूरच्या पंचक्रोशीत विखुरलेली आहेत. एरवीही त्यांची प्रदक्षिणा करणारे असतात. पंढरीची वारी तर सर्वश्रुत. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही ज्ञानोबांच्या पालखीची गावे वर्षभर बसने जोडलेली आहेत, पण पालखी मार्ग आता चौपदरी झाला असून आषाढ सोडून त्यावर चालण्यात मजा नाही. वेळापूरचे यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिर पाहून आतल्या कालव्याकाठच्या वाटा धरणे अधिक चांगले. या सर्वांत शहराशी सर्वांत जवळचे नाते कोजागरीच्या तुळजापूर पायी यात्रेचे आहे. आश्विन पौर्णिमेला सोलापुरातून, तसेच कर्नाटकातून सोलापूरमार्गे, लाखो लोक सुमारे ४५ किमी. चालत तुळजाभवानीच्या दर्शनाला जातात. त्यासाठी सोलापूर-तुळजापूर महामार्ग वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवली जाते. वाटेत गावोगावचे लोक आणि मंडळे चहा, केळी, फराळ वाटतात, पायाला तेल लावून देतात. परतीला एसटीच्या जादा गाड्या असतात. एरवी ट्रकांनी भरलेला रस्ता तेवढ्या काळापुरता पादचाऱ्यांच्या हवाली होतो. मोटारविरहित चालण्याचे याहून मोठे उदाहरण आसपास नाही, जरी चालणाऱ्यांपैकी कोणी त्याला पदभ्रमण म्हणणार नाही.

नवख्याने बार्शी रस्त्यावरच्या नान्नजपासून सुरुवात करावी. सोलापूरपासून हे गाव सुमारे २० किमी.वर आहे. इथले माळढोक पक्ष्याचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौ. किमी. होते. त्यात शेते, गावे, शहरेसुद्धा आली होती. पुढे ते १,२२२ चौ. किमी.वर आणले गेले. माळढोक आता दिसत नाही म्हटले तरी चालेल. काळवीट, खोकड आणि धाविक, चंडोल हे पक्षी मात्र दिसतात आणि नशीब असेल तर लांडगाही. अभयारण्याच्या आत जायला वनखात्याची परवानगी लागते. ती नसेल तर गावच्या गाडीवाटांनी बाहेरून फिरावे.

मंगळवेढा गाडीने जाणाऱ्याने मंगळवेढ्याच्या सुमारे १४ किमी. अलीकडे माचणूरला उतरावे. भीमेच्या घाटावरचे सिद्धेश्वर मंदिर, मातीत ढासळत चाललेला मोगली कोट आणि जवळचे ब्रह्मपुरी हे गाव अर्ध्या दिवसात पायी पाहून होते. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात ब्रह्मपुरीस होती. नदीकाठाने चालताना मात्र उजनीचा हिशेब ठेवावा. धरणातून शेतीसाठी आणि सोलापूरच्या पिण्यासाठी पाणी सोडतात, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही भीमा चढते आणि सकाळी पायी ओलांडलेले पात्र संध्याकाळी अडवते.

भीमा-सीना संगमावरचे हत्तरसंग कुडल विजापूर रस्त्यावरून आत आहे. संगमेश्वर मंदिरातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आद्य मराठी लेखांपैकी एक मानला जातो. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात बहुमुखी शिवलिंग आहे. आतल्या गाड्या मोजक्याच, म्हणून मुख्य रस्त्यावरून बरेच चालावे लागते. पूर्वेला हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग (जि. धाराशिव) आहे. तिथे गाड्यांची अडचण नाही. बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे यांमुळे तो पावसाळ्यातच पाहावा. थोडी चढण हवी असेल तर बार्शीहून येडशीला जाऊन बालाघाटातल्या रामलिंगच्या दरीत उतरावे. श्रावणी सोमवारी तिथे भाविकांची झुंबड असते आणि बसमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून दुसरा कुठलाही वार धरावा.