श्वासावाटे दिले जाणारे स्टिरॉइड आणि दमेकरी मुलांच्या घशातील जिवाणू

दम्यात श्वासनलिकांचे अस्तर आतून सुजलेले असते. ही सूज उतरवण्यासाठी बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांसारखी स्टिरॉइडे पंपातून श्वासावाटे देतात. बेक्लोमेथासोनचा पंप १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आला. त्याआधी तीव्र दम्याच्या मुलांना स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागत आणि त्यात त्यांची उंची खुंटे, चेहरा सुजे. गोळीतला डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातला मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे घरोघर ऐकू येते, पण या औषधाचे व्यसन लागत नाही.

मात्र पंप थेट तोंडात धरून दाबला, की फवाऱ्याचा बराचसा भाग फुप्फुसांपर्यंत पोचतच नाही. तो घशाच्या मागच्या भिंतीवर बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती थोडी मंदावते. याचा सर्वांत ओळखीचा परिणाम म्हणजे कॅन्डिडा बुरशी: जिभेवर आणि गालांच्या आत फाटलेल्या दुधासारखे पांढरे चट्टे दिसतात, पुसले तर खालची त्वचा लालभडक असते. काहींचा आवाजही बसतो.

बुरशी वाढते, मग जिवाणूही वाढत असतील का? दक्षिण ब्राझीलमधील संशोधकांनी १९२ दमेकरी मुलांच्या घशाचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) तपासले आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. रोज स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के मुलांच्या घशात न्यूमोकोकस हा न्यूमोनिया घडवू शकणारा जिवाणू सापडला. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. फरक मोठा आहे, पण ही एका वेळची पाहणी होती. ज्यांचा दमा जास्त त्रासदायक, त्यांनाच रोजचा पंप लिहून दिला जातो. त्यामुळे फरक औषधाचा किती आणि आजाराचा किती, हे अशा पाहणीतून पुरते वेगळे करता येत नाही.

घशात जिवाणू असणे आणि मूल आजारी असणे यांत अंतर आहे, आणि पालकांना हे आवर्जून सांगायला हवे. न्यूमोकोकस कितीतरी निरोगी मुलांच्या नाकाघशात राहतो, काही आठवड्यांनी निघूनही जातो. क्वचित तो कानात, फुप्फुसात किंवा रक्तात शिरतो, तेव्हा आजार होतो. केवळ स्वॅबमध्ये तो दिसला म्हणून प्रतिजैविके देण्याचे कारण नाही.

पंपामुळे न्यूमोनिया होईल का, या चिंतेचे मूळ प्रौढांच्या अनुभवात आहे. धूम्रपानाशी निगडित सीओपीडी या फुप्फुसांच्या विकारात फ्लुटिकासोन घेणाऱ्यांना न्यूमोनिया अधिक होतो, असे २००७ च्या ‘टॉर्च’ चाचणीत दिसले. दमेकरी मुलांचे चित्र वेगळे आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या २०१७ च्या विश्लेषणात पंप घेणाऱ्या मुलांमध्ये न्यूमोनिया वाढलेला आढळला नाही. उलट, भीतीपोटी पंप बंद केला तर दम्याचा झटका येतो, रात्री-अपरात्री नेब्युलायझरसाठी धावावे लागते आणि तोंडावाटे स्टिरॉइडचा मोठा डोस घ्यावा लागतो.

घशात बसणारे औषध कमी करण्याचा मुख्य उपाय म्हणजे स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचे पोकळ नळकांडे. फवाऱ्यातले जड थेंब त्याच्या नळकांड्यातच अडकतात, बारीक थेंब आत जातात. लहानग्यांसाठी त्याला मास्क जोडतात. तो नाकातोंडावर घट्ट बसवून पाच-सहा संथ श्वास होईपर्यंत धरायचा. मूल झोपेत किंवा रडत असेल तर औषध नीट पोचत नाही. पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचे, गिळायचे नाही. सोपी सवय म्हणजे दात घासण्याच्या आधी पंप. चूळ न भरता येणाऱ्या बाळाला पाणी पाजावे आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. फडक्याने घासला तर प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतींना चिकटते.

दमा आटोक्यात आला की डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात आणि घशात बसणारे औषधही त्या प्रमाणात घटते. न्यूमोकोकसविरुद्ध पीसीव्ही लस आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात ती मोफत दिली जाते.