नरक्याच्या ढलप्या ट्रकमध्ये का सापडतात?

कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग या भागांतून अधूनमधून बातमी येते: वनखात्याने नरक्याच्या लाकडाची बेकायदा वाहतूक पकडली. हा वृक्ष काही साग-शिसवीच्या तोलाचा नव्हे. फुलोऱ्याला नकोसा वास, उंचीही बेताची. तरीही तो मुळासकट उपटला जातो, कारण त्याच्या सालीत आणि लाकडात कॅम्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात.

अल्कलॉइड म्हणजे वनस्पती तयार करतात ती नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि अनेकदा विषारी द्रव्यं. किडींपासून, चरणाऱ्या जनावरांपासून बचावासाठी ती झाडाच्या कामी येतात. १८२० मध्ये पेलेत्ये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन, म्हणजे आपल्या जुन्या पिढीचं कोयनेल, वेगळं केलं आणि हिवतापावर मोजूनमापून देता येईल असं औषध हाती आलं. पुढे अंगणातल्या सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन मिळालं. नरक्याची गोष्ट याच वंशावळीतली आहे. तिच्यात महाराष्ट्राचे धागे किती आहेत, हे मात्र इथे फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली, आणि तीही एका चिनी झाडापासून. मन्रो वॉल हे शेती खात्याच्या प्रयोगशाळेत कॉर्टिझोन हे औषध बनवायला उपयोगी पडतील अशा वनस्पती शोधत होते. त्यांच्याकडच्या अर्कांची कर्करोगासाठीही तपासणी झाली आणि कॅम्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षाचा अर्क उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर प्रभावी ठरला. वॉल पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत गेले. तिथे त्यांना सहकारी मिळाले मनसुख वाणी: जन्म १९२५, नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पीएच.डी. इंडियानात. १९६६ मध्ये या दोघांनी आणि सहकाऱ्यांनी कॅम्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषधही याच जोडीने शोधलं. नंदुरबारच्या शाळांतल्या मुलांना हे नाव पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

औषध मात्र लगेच बनलं नाही. कॅम्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याचा विरघळणारा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्या रूपात रेणूतलं एक कडं उघडतं आणि गुण उतरतो. मूत्राशयातल्या आम्लतेत ते कडं पुन्हा मिटतं आणि तिथेच रक्तस्राव होतो. गुण थोडा आणि त्रास फार, म्हणून १९७०च्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेरॉय लिऊ यांच्या गटाने हे द्रव्य काम कसं करतं ते दाखवलं. पेशी विभागताना डीएनएला पीळ पडतो, घट्ट वळलेल्या दोरीसारखा. टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) एक पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्टोथेसिन त्या विकराला कापलेल्या जागीच अडकवून ठेवतं आणि पेशी मरते. मग झाड स्वतः का मरत नाही? कॅम्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या या विकरातच नेमका बदल झालेला असतो, असं २००८ मध्ये आढळलं. स्वतःच्याच विषापासून वाचण्याची सोय झाडाने करून ठेवली आहे.

कार्यपद्धती कळल्यावर रेणूत फेरबदल करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधं तयार झाली. १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली, पहिलं मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आणि दुसरं बीजांडकोशाच्या. दोन्ही अर्धकृत्रिम आहेत, म्हणजे मूळ माल झाडातूनच घ्यायचा.

इथे सह्याद्री येतो. त्याआधीच, १९७२ मध्ये, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्यात कॅम्टोथेसिन असल्याचं प्रसिद्ध केलं होतं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. नरक्यातलं प्रमाण मूळ चिनी झाडाच्या मानाने बरंच जास्त निघालं. औषधांना मागणी आली तशी कुऱ्हाड घाटात पोचली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडते, नफा पुढच्या साखळीत जातो. राधानगरीच्या रानात काय उरलं याची चिंता त्या साखळीत कुणालाच नसते.

पर्याय शोधले जात आहेत. जम्मूतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी, स्वतः कॅम्टोथेसिन बनवणारी बुरशी वेगळी केली. ऊतीसंवर्धनावरही काम झालं आहे. जैवविविधता कायदा २००२ पासून आहे. त्यानुसार गावाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते आणि व्यापारातून होणाऱ्या लाभात स्थानिकांचा वाटा असतो. घाटमाथ्यावरच्या आणि तळकोकणातल्या ज्या गावांत नरक्या आहे, त्यांनी त्याची झाडं मोजून नोंदवहीत घातली, तर पुढचा व्यापारी दारात येईल तेव्हा बोलणी ग्रामसभेसमोर होतील.