उलट बोलणारा आणि उधळलेला: देव नेमका कुणाला आवरतो?

आमच्या जुन्या इमारतीत एकाच वयाची दोन पोरं होती. पहिला सत्यनारायणाला बसेना. आई-वडिलांनी समजावलं, आजीनं रडून पाहिलं. हा आपला एकच धोशा: "प्रसाद खाईन, मागची भांडीही घासेन, पण मला पटत नाही तर हात जोडून बसणार नाही." दुसरा रोज संध्याकाळी देवळात टाळ वाजवायचा, आरत्या तोंडपाठ, कपाळाला बुक्का. हाच दुसरा गणपतीत दुकानदारांकडून दमदाटीनं वर्गणी काढायचा आणि पावती-पुस्तकातल्या स्थळप्रतीवर आकडा कमी लिहायचा. इमारतीचा निकाल ठरलेला होता. पहिला "हाताबाहेर गेला", आणि दुसरा "जरा खोडकर आहे, पण देवाधर्माचं करतो हो".

"देवाचं भय राहिलं नाही म्हणून पोरं बिघडली" हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात हे लक्षातच येत नाही. एक बंडखोरी, दुसरा उनाडपणा. बंडखोराला नियमच मान्य नसतो, आणि तो तसं तोंडावर सांगतो. उनाडाला नियम मान्य असतो. फक्त आपल्यापुरती सवलत हवी असते. ओळखायचं कसं? पकडल्यावर काय करतो ते बघा. बंडखोर वाद घालतो. उनाड म्हणतो, "मी नव्हतोच तिथे." एकाच पोरात दोन्ही असू शकतं, सोळाव्या वर्षी तर बहुतेकांत असतंच. पण श्रद्धेचा या दोन्हींवर होणारा परिणाम एकसारखा नाही.

बंडखोरीचं आधी बघू, कारण तिथं आपल्याकडे पुरावा ढिगानं आहे. गोपाळ गणेश आगरकर देव न मानणारे. पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. आणि हा माणूस कसा? मोठ्या पगाराच्या मागे न लागता शिकवण्याचं काम पत्करलेला, फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य, 1895 मध्ये ऐन उमेदीत गेला तोवर राहणी साधीच. आता साने गुरुजी. त्यांच्याइतका हळवा भाविक शोधून सापडणार नाही. पण 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून तेच उपोषणाला बसले. एक नास्तिक, एक भक्त, बंड दोघांचंही. बाबासाहेबांचं तर आणखी गुंतागुंतीचं: 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह, 1935 मध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा, आणि 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा. धर्माच्या दाराशी सुरू झालेलं बंड धर्माबाहेर पडलं आणि दुसऱ्या धर्मात जाऊन स्थिरावलं.

म्हणजे श्रद्धा बंड विझवतेही आणि पेटवतेही. "वरच्याची इच्छा" म्हणून गप्प बसता येतं, आणि वरच्याला सगळे सारखे म्हणून खालच्यांशी भांडताही येतं.

उनाडपणाची कथा वेगळी आहे, आणि तिच्यावर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. ट्रॅव्हिस हिर्शी आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या रिचमंड भागातले शाळकरी विद्यार्थी तपासले आणि 1969 मध्ये निष्कर्ष छापले. नियमित चर्चला जाणारी मुलं आणि न जाणारी मुलं, चोऱ्यामाऱ्या-मारामाऱ्यांच्या हिशेबात फरक जवळजवळ शून्य. नरकाची भीती कामाला आलीच नव्हती. बऱ्याच जणांना हे पटलं नाही. पुढे इतर ठिकाणी तपासलं तर कुठे फरक दिसायचा, कुठे नाही. हा घोळ सोडवला स्टार्कनंच. 1982 मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्रश्न पोराच्या श्रद्धेचा नाही, गावाच्या श्रद्धेचा आहे. युटा राज्यातलं प्रोव्हो हे मॉर्मन पंथीयांचं गाव, जिथं सगळेच चर्चला जातात. तिथं धार्मिक मुलगा खरंच कमी वाह्यात. सिॲटलसारख्या शहरात, जिथं चर्चला जाणारे थोडे, तिथं तो फरक विरून जातो.

2001 मध्ये साठ अभ्यासांचा एकत्र हिशेब लावला गेला, तेव्हा एकूण परिणाम निघाला, पण माफक. आणि दारू, गांजा यांसारख्या गोष्टींवर तो चोरी-मारामारीपेक्षा जास्त दिसतो, असं मानायलाही आधार आहे. त्याचं कारण सोपं आहे. चोरी करू नये हे शाळा, पोलीस, शेजारी सगळेच सांगतात. दारू पिऊ नये हे ठासून सांगणारा बहुधा धर्मच उरतो. शिवाय एक शंका ठेवायलाच हवी. मुळात शांत असलेलं पोरच देवळात टिकतं, उधळलेलं आपोआप यायचं थांबतं. मग गुण कुणाचा, देवळाचा की पोराचा?

देव कसा मानता यानंही फरक पडतो म्हणे. 2011 चा एक छोटा प्रयोग आहे: विद्यार्थ्यांना संगणकावर गणितं दिली आणि सांगितलं, प्रणालीत दोष आहे, स्पेसबार दाबला नाही तर उत्तर आपोआप दिसेल, तेव्हा प्रामाणिकपणे दाबा. देव मानणारे आणि न मानणारे यांच्या लबाडीत फरक नव्हता. शिक्षा करणारा देव मानणारे कमी फसवत होते, आणि क्षमाशील देव मानणारे जास्त. थोड्याशा विद्यार्थ्यांवरचा प्रयोग, त्यावर इमले बांधू नयेत. पण आमच्या टाळवाल्याचा देव भलताच क्षमाशील असणार, एवढं म्हणायला मी मोकळा आहे.

गावाची नजर हे प्रकरण मराठी माणसाला समजवायला प्रोव्होपर्यंत जायची गरज नाही, तुळशीची माळ पुरे. गावात एखाद्यानं माळ घातली की मटणाच्या जेवणाचं आमंत्रण त्याला आपोआप वगळतं. पारावर बाटली निघाली की "अरे, तो माळकरी आहे" म्हणून त्याच्यापुढे चहा येतो. नुसत्या मनोनिग्रहावर कुणी सोडत नाही. सगळं गाव मिळून त्याला सांभाळतं. हीच नजर उलटीही फिरते. मिरवणुकीत पिऊन नाचणं सगळ्या मंडळालाच चालत असेल, तर तिथं भक्ती वाढून धिंगाणा कमी होत नाही. उलट धिंगाण्याला आरतीचं संरक्षण मिळतं.

आमचे एक चुलते ऐन तिशीत माळकरी झाले. गावात असेपर्यंत पथ्य काटेकोर. पुढे भोसरीला कंपनीत लागले, खोलीवर सहा जण, पगाराच्या रात्री जेवणं ठरलेली. श्रद्धा तीच होती. एकादशी त्यांनी एकही चुकवली नाही, आषाढीला रजा काढून दिंडीत चालायचे. फक्त त्या रात्री माळ शर्टाच्या आतल्या खिशात जायची. शनिवारी गावाकडच्या एसटीत बसले, की पहिला टोलनाका यायच्या आत ती पुन्हा गळ्यात असायची.